नव्या साहित्याला मज्जाव का? प्लेस्टेशनवरील मॉडबाबत सोनीला खुले पत्र

प्रति,
प्लेस्टेशनच्या धोरणांविषयी निर्णय घेणारे अधिकारी,
सोनी इंटरॅक्टिव्ह एंटरटेन्मेंट

विषय : खेळाडूंनी तयार केलेल्या मॉडना प्लेस्टेशनवर नव्या साहित्यासह परवानगी मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

ऑक्टोबर २०१६ च्या अखेरच्या आठवड्यात आपल्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्रावर, तीन दिवसांच्या अंतराने दोन गेम दाखल झाले आणि दोन्हींमध्ये खेळाडूंनी तयार केलेले मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये केलेले फेरबदल किंवा घातलेली भर, वापरण्याची सोय होती. २५ तारखेला आलेल्या ‘फार्मिंग सिम्युलेटर १७’ या जायंट्स सॉफ्टवेअर या स्विस कंपनीच्या गेममध्ये एखाद्या हौशी माणसाने घरच्या संगणकावर घडवलेला ट्रॅक्टर त्याच्या त्रिमितीय मॉडेलसह, रंगासह आणि पोतासह कन्सोलवर उतरवून घेण्याचा मार्ग खुला झाला. २८ तारखेला आलेल्या, बेथेस्डा या कंपनीच्या ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ या तलवारी-चिलखतांच्या काल्पनिक जगातल्या गेममध्ये मात्र मॉड करणाऱ्याला गेममध्ये आधीपासून असलेल्या वस्तूंची फेरमांडणी करण्याची आणि त्यांचे गुणधर्म बदलण्याची तेवढी मुभा होती, नवे मॉडेल, नवे चित्र, नवा आवाज असे कोणतेही नवे साहित्य त्याला बाहेरून आणता येत नव्हते. यंत्र तेच, परवानगी देणारी कंपनी तीच आणि आठवडाही तोच होता. तरीही एका गेमच्या मॉडकारांना जे मिळाले ते दुसऱ्या गेमच्या मॉडकारांना मिळाले नाही, आणि हा भेद त्यानंतर वर्षानुवर्षे टिकून राहिला. या भेदाचे कारण काय असावे आणि तो आता दूर का केला जावा, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी स्वतः गेम खेळतो आणि सवड मिळेल तसे मॉडही बनवतो. मॉड म्हणजे फुकटात हत्यारे मिळवण्याची किंवा गेम सोपा करून घेण्याची युक्ती, असा एक समज अजूनही आढळतो. या माध्यमाचा इतिहास वेगळेच सांगतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा ‘हाफ-लाइफ’चा १९९९ मध्ये आलेला मॉड होता आणि पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ’ची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने तो स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आणला. ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’साठी खेळाडूंनी रचलेल्या नकाशातून उभा राहिला. ‘आर्मा २’वर ‘डेझी’ हा मॉड झाला, त्याच परंपरेत ब्रेंडन ग्रीन यांनी शेवटपर्यंत टिकून राहण्याच्या लढाईचा आपला मॉड बांधला, आणि त्यातून २०१७ मध्ये ‘पबजी’ आला. पुढे त्याच्या मोबाइल आवृत्तीने महाराष्ट्रातल्या गावागावांतील कट्ट्यांवर किती तरुणांना गुंतवून ठेवले, हे इथल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. यातील एकही कल्पना कन्सोलवर जन्मली नाही. कन्सोलवर त्यांपैकी ज्या आल्या त्या तयार होऊन, कंपन्यांनी विकत घेतल्यानंतर किंवा नव्याने बांधल्यानंतर. म्हणजेच जो खेळाडू फक्त कन्सोलवर खेळतो, तो या सगळ्या निर्मितीचा ग्राहक होऊ शकतो, पण तिच्या सुरुवातीच्या, कच्च्या आणि सर्वांत उत्साहाच्या काळात तो तिथे उपस्थित नसतो.

आपल्या बाजूची अडचण मला समजते आणि ती खरी आहे. बेथेस्डाने सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर केले होते की, मॉड ज्या रीतीने चालायला हवेत त्या रीतीने त्यांना सोनीची मान्यता मिळत नाही. त्यानंतर महिनाभरातच तडजोड झाली आणि बाहेरचे साहित्य वगळून मॉड येतील असे ठरले. त्या काळात खेळाडूंनी आपल्या कंपनीवर बरीच आगपाखड केली, परंतु बंद यंत्रात बाहेरची फाइल घेणे हा किती जोखमीचा व्यवहार आहे याचा विचार त्यात फारसा झाला नाही. २००८ मध्ये निन्टेंडोच्या वी कन्सोलचे कुलूप कशाने उघडले गेले, ते आठवून पाहावे. ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस’ या गेमच्या सेव्ह फाइलमध्ये, म्हणजे खेळातील प्रगती साठवणाऱ्या फाइलमध्ये, नायकाच्या घोड्याचे नाव ठरलेल्या लांबीपेक्षा कितीतरी मोठे लिहिले गेले, गेमने ते न तपासता वाचले, आणि स्मृतीच्या (मेमरीच्या) मर्यादेबाहेर सांडलेल्या त्या अक्षरांतून परका प्रोग्राम यंत्रावर चालू झाला. घोड्याच्या नावाने जे घडू शकते ते चुकीच्या रीतीने बांधलेल्या चित्राच्या किंवा त्रिमितीय मॉडेलच्या फाइलनेही घडू शकते, कारण गेम ज्या ज्या प्रकारची फाइल उघडून वाचतो, त्या प्रत्येक प्रकाराबरोबर घुसखोरीची एक नवी शक्यता येते. प्लेस्टेशन ३ ची सुरक्षा मोडली गेल्यावर आपल्याला २०११ मध्ये न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. हे सारे सोसलेल्या कंपनीने २०१६ मध्ये हात आखडता घेतला असेल, तर त्यामागे केवळ आडमुठेपणा होता असे मी म्हणणार नाही.

मात्र या धोक्यावरचा उपायही आपल्याच यंत्रावर, त्याच्या नऊ वर्षे आधी वापरून झाला होता. २००७ च्या अखेरीस प्लेस्टेशन ३ वर आलेल्या एपिक या कंपनीच्या ‘अनरियल टूर्नामेंट ३’मध्ये खेळाडूंनी संगणकावर केलेले नकाशे आणि पात्रे, तीही नव्या मॉडेलसकट, चालत असत. मॉडकाराने केलेली मूळ फाइल थेट कन्सोलवर जात नसे. नकाशे घडवण्याच्या प्रोग्रामसोबत (एडिटरसोबत) मिळणाऱ्या साधनाने ती आधी प्लेस्टेशनसाठीच्या ठरावीक साच्यात नव्याने बांधली जाई आणि मग यूएसबीवरून यंत्रात घेतली जाई. पुढच्या वर्षी हाच गेम मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर आला तेव्हा तिथे मात्र ही सोय नव्हती. त्या काळी मायक्रोसॉफ्टचे दार बंद होते आणि आपले उघडे होते, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या लक्षात आहे. त्या पद्धतीत पुन्हा बांधणीचे काम मॉडकाराच्या संगणकावर होत असे, आणि त्यामुळे तिच्यात फसवणुकीला वाव होता हे मान्य. तेच काम आज गेम कंपनीच्या सर्व्हरवर करता येईल. मॉडकाराने चित्र किंवा मॉडेल साध्या, सर्वज्ञात स्वरूपात पाठवावे, सर्व्हरने ते वाचून कन्सोलच्या स्वरूपात स्वतः नव्याने लिहावे, आणि खेळाडूच्या यंत्रावर फक्त सर्व्हरने लिहिलेली व स्वाक्षरी केलेली फाइल पोहोचावी. मूळ फाइलमध्ये दडवलेली खोडी बहुतांशी या फेरलेखनातच गळून पडते. प्रोग्रामिंगच्या ओळी, म्हणजे स्क्रिप्ट, हा भाग अधिक अवघड आहे, आणि त्या सरसकट खुल्या कराव्यात अशी माझी मागणी नाही. ‘फार्मिंग सिम्युलेटर’मध्येही स्वतःची स्क्रिप्ट असलेले मॉड संगणकापुरतेच राहिले, आणि तरीही कन्सोलवरच्या शेतकऱ्यांचे फारसे अडले नाही.

दुसरी भीती मजकुराची. इथे २००५ मधील ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’च्या प्रकरणाचा दाखला नेहमी दिला जातो. एका मॉडमुळे त्या गेममधील लैंगिक प्रसंग उघड झाला, अमेरिकेतील ईएसआरबी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने गेमचा दर्जा प्रौढांपुरता केला आणि दुकानांतून तो काढून घेण्याची वेळ आली. परंतु तो प्रसंग मॉडकाराने रचलेला नव्हता. निर्मात्यांनीच तो करून, नंतर झाकून, डिस्कमध्ये तसाच ठेवला होता, आणि तो प्लेस्टेशन २ च्या डिस्कवरही होता. त्या घटनेतून निघणारा निष्कर्ष असा की, डिस्कवर काय जाते ते पाठवणाऱ्याने पाहिले पाहिजे. मॉडच्या बाबतीतही मला नेमके तेच म्हणायचे आहे : कोणीतरी जबाबदार माणसाने पाहावे, आणि पाहून झाल्यावर मग अडवू नये.

आता पुन्हा त्या दोन गेमकडे येतो. ट्रॅक्टरला मिळालेली परवानगी तलवारीला का मिळाली नाही, या प्रश्नाचे बाहेरून दिसणारे उत्तर एवढेच की, ट्रॅक्टर आधी कोणीतरी तपासलेला होता. जायंट्स कंपनीच्या मॉडहब या मॉडच्या दालनाकडे मॉड पाठवला की तो तिथली माणसे चालवून पाहतात, त्रुटी आढळल्या तर कारणांसह परत पाठवतात, आणि तो मान्य झाल्यावरच कन्सोलच्या यादीत येतो. कन्सोलवर प्रत्येक यंत्राला आणि अवजाराला जागेचे ठरावीक मोल दिलेले असते आणि एकूण मोलाची मर्यादा गाठली की आणखी काही विकत घेता येत नाही, त्यामुळे स्मृती अपुरी पडून गेम कोसळण्याचा प्रश्नही बऱ्याच अंशी आटोक्यात राहतो. ही व्यवस्था संथ आहे. मॉड पाठवल्यानंतर तो येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि क्षुल्लक त्रुटीसाठी परत आलेल्या फाइलवर पुन्हा बसण्याचा कंटाळा काय असतो ते मला माहीत आहे. तरीही ती चालली. २०१८, २०२१ आणि २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्त्यांतही ती कायम राहिली. ‘बाल्डर्स गेट ३’मध्येही त्या गेमची निर्माती कंपनी लॅरियनने २०२४ मध्ये संगणकानंतर कन्सोलवर मॉड आणले, तेव्हा संगणकावरचे सारेच मॉड तिकडे जाऊ न देता निवडून, तपासून पाठवण्याचा मार्ग धरला. तिकडे बेथेस्डाचे दालन असे होते की, कोणीही मॉड चढवावा आणि तक्रार आली तर मागाहून तो काढावा. अशा दालनात नवे साहित्य येऊ देण्यास आपण कचरलात, हे समजण्याजोगे आहे. न समजण्याजोगे आहे ते हे की, त्या दालनातल्या चांगल्या मॉडना तपासणी करून घेऊन पुढे येण्याचा कोणताच विनामूल्य मार्ग ठेवला गेला नाही.

यंत्राची कुवत हा मुद्दा आता कोणी पुढे करू नये. बेथेस्डाने २०१७ मध्ये क्रिएशन क्लब हे विक्रीचे दालन सुरू केले, त्यातील नवी चिलखते, नवी शस्त्रे, नवे प्राणी प्लेस्टेशन ४ वर विकत मिळू लागले आणि ते सारे नवे साहित्यच होते. कंपनीने तपासून विकलेले चिलखत ज्या यंत्रावर सुखाने चालते, त्याच यंत्रावर एखाद्या विद्यार्थ्याने फुकट दिलेले चिलखत तपासूनही का चालू नये? मॉडला पैसे मिळण्यास माझा विरोध नाही. एप्रिल २०१५ मध्ये स्टीम या संगणकावरील गेमविक्रीच्या दालनात स्कायरिमचे मॉड विकण्याचा प्रयोग झाला, त्यात मॉडकाराच्या हाती विक्रीचे जेमतेम २५ टक्के येत होते, आणि खेळाडूंच्या संतापामुळे तो काही दिवसांतच गुंडाळला गेला; पण कष्टाचे मोल मागणे हे त्यातले पाप नव्हते. आक्षेप आहे तो नवे साहित्य फक्त विक्रीच्या वाटेने येऊ देण्याला, कारण मॉडची बहुतेक सर्व निर्मिती आजवर विनामोबदला आणि परस्परांच्या कामावर काम रचत झालेली आहे. एकाने केलेला चेहरा दुसऱ्याने घ्यावा, दुसऱ्याने सुधारलेला प्रकाश तिसऱ्याने वापरावा, आणि सर्वांची नावे सोबत लिहावीत, हा तिथला रिवाज आहे.

साहित्याच्या या बंदीचा आमच्याशी थेट संबंध कुठे येतो, तेही सांगतो. संवाद आणि पुस्तके यांनी ओसंडणारा स्कायरिमसारखा गेम मराठीत आणायचा झाला तर कंपनी ते करणार नाही, कारण तिच्या हिशेबात आमची बाजारपेठ बसत नाही. ते काम भाषेवर जीव असलेल्या दहा-पाच जणांनी मिळूनच करायचे आहे, आणि जगातील अनेक भाषांतील खेळाडूंनी संगणकावरच्या कितीतरी गेमसाठी ते तसे केलेले आहे. आता मजकूर बदलणे हे आपल्या आजच्या नियमांत कदाचित बसेलही; पण तो मजकूर पडद्यावर उमटण्यासाठी देवनागरीचा फॉन्ट लागतो, तो गेममध्ये नाही, आणि फॉन्ट हे बाहेरचे साहित्य आहे. शिवाय देवनागरीला नुसती अक्षरे पुरत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो, जोडाक्षरे स्वतंत्र आकारांनी दाखवावी लागतात. संगणकावर मॉडकार या अडचणीतून वाट काढतात. तयार जोडाक्षरे फॉन्टमध्येच बसवतात आणि मजकूर त्यानुसार लिहितात. प्लेस्टेशनवर ती वाट पहिल्याच पावलाला अडते. कोणा एका लिपीला वगळण्याचा आपला हेतू नसणार, हे मी जाणतो. परंतु इथे नियमाचा परिणाम मात्र तोच होतो.

याउलट साध्या मोबाइलवर काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या गेमने खेळाडूंना स्वतःची वाहने आणि त्यांवरची रंगसंगती आत आणण्याची सोय दिली, आणि आमच्या पोरांनी त्या इंडोनेशियन रस्त्यांवर एसटीची लालपरी धावती केली. त्यासाठी महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाशी कोणी करार केला नाही, कोणी स्टुडिओ उभारला नाही. ज्या गाडीने शाळेला गेलो ती गाडी चालवून पाहावी, इतकीच त्यामागची ओढ होती. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्क असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. इथल्या मध्यमवर्गीय घरात ही रक्कम विचार करूनच खर्च होते, आणि ती खर्च केल्यावर गेमसाठी वेगळा ताकदीचा संगणक घेतला जात नाही. अशा घरातल्या मुलाला फोनवर जे निर्माण करता येते, ते त्याहून कितीतरी समर्थ असलेल्या यंत्रावर करता येऊ नये, ही स्थिती आपल्याला तरी पटते का?

ज्यांच्या कामावर हे सारे उभे आहे, त्या मॉडकारांच्या हक्काचाही प्रश्न आहे. मे २०१६ च्या अखेरीस बेथेस्डाच्याच ‘फॉलआउट ४’ या गेमचे मॉड एक्सबॉक्स वनवर सुरू झाले, तेव्हा संगणकावरील कितीतरी मॉड मूळ कर्त्यांना न विचारता भलत्यांनीच चढवले. ज्यांनी महिनोन्‌महिने खपून काम केले त्यांना आपले काम दुसऱ्याच्या नावाने दिसले, आणि काहींनी तेव्हापासून कन्सोलचे नाव टाकले. खेळाडूंच्या अधीरतेने हे घडले हे खरे असले, तरी चढवणाऱ्याची ओळख आणि कर्तृत्व यांची आधी खातरजमा केली जात नव्हती, हेही तितकेच खरे आहे. नवे साहित्य येऊ दिले तर चोरीचे आकर्षण वाढेल, कारण चोरण्याजोगे अधिक काही असेल. म्हणून परवानगीबरोबरच मूळ कर्त्याच्या तक्रारीवर ठरलेल्या मुदतीत निर्णय देण्याची व्यवस्था असली पाहिजे, आणि ती व्यवस्था गेम कंपनीवर बंधनकारक करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

खेळाडूंच्या निर्मितीला आपण कधीच जागा दिली नाही, असे मी म्हणत नाही. २००८ मधील ‘लिटल बिग प्लॅनेट’ने लहान मुलांच्या हाती गेमच्या पातळ्या (लेव्हल) रचण्याची साधने दिली आणि २०२० मधील ‘ड्रीम्स’ने तर शिल्प, संगीत आणि तर्क यांची पूर्ण कार्यशाळाच दिली. पण या दोन्ही ठिकाणी केलेले काम त्या त्या गेमच्या सर्व्हरवर अवलंबून राहिले. ‘लिटल बिग प्लॅनेट ३’चे सर्व्हर २०२४ मध्ये कायमचे बंद झाल्यावर खेळाडूंनी वर्षानुवर्षे रचलेल्या पातळ्यांपर्यंत पोहोचण्याचा अधिकृत मार्गच संपला. आपल्या घरी, आपल्या संगणकावर केलेल्या मॉडचे तसे होत नाही. मूळ फाइल कर्त्याजवळ राहते. निर्मितीला उत्तेजन देण्याचा आपला तो जुना हेतू आजही कायम असेल, तर कर्त्याच्या हाती काम राहू देणारा हा मार्गही त्यात सामावून घ्यावा.

मायक्रोसॉफ्टने स्कायरिमच्या मॉडसाठी ५ जीबी जागा दिली आणि बाहेरचे साहित्य घेतले. आपण १ जीबी दिली आणि साहित्य नाकारले. एक्सबॉक्सवरचे मॉड चालवताना गेम अडखळतो, कधी बंदही पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या उघड्या दालनामुळे एक्सबॉक्सचा धंदा किंवा प्रतिष्ठा बुडाली, असे या सर्व वर्षांत दिसलेले नाही. आणि तरीही मी आपल्याकडे त्यांच्या व्यवस्थेची नक्कल मागत नाही. मला जायंट्सची व्यवस्था अधिक योग्य वाटते : मॉड थोडे यावेत, उशिरा यावेत, पण पाहून आणि पूर्ण यावेत. ‘फॉलआउट ४’वरचा ‘फॉलआउट : लंडन’सारखा प्रचंड मॉड, जो जुलै २०२४ मध्ये संगणकावर आला, तो त्या गेमसाठी कन्सोलवर तेव्हा असलेल्या मर्यादेत बसणारा नव्हता, आणि त्यासाठी मी आज भांडत नाही. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये तर मॉड नसणेच बरे, कारण तिथे एकाची मोकळीक दुसऱ्यावर अन्याय करते. मॉड लावल्यावर ट्रॉफी, म्हणजे खेळातील कामगिरीबद्दल प्लेस्टेशनवर मिळणारी मानचिन्हे, मिळू नयेत, हा स्कायरिमच्या मॉडना लावलेला नियमही मला मान्य आहे.

माझी मागणी एकट्याने खेळण्याच्या गेमपुरती आहे. ज्या गेमची कंपनी मॉड तपासण्याची, ते स्वतःच्या सर्व्हरवर नव्याने बांधण्याची आणि तक्रारींचा निपटारा करण्याची लेखी जबाबदारी घेईल, त्या गेमच्या मॉडमध्ये मॉडेल, चित्र, आवाज आणि फॉन्ट हे नवे साहित्य विनामूल्य येऊ द्यावे. पहिल्या टप्प्यात चारही प्रकार शक्य नसतील, तर फॉन्ट आणि मजकूर यांपासून सुरुवात करावी. ती सर्वांत लहान फाइल आहे आणि तिची तपासणी सर्वांत सोपी आहे. दुसरे असे की, प्लेस्टेशनवर मॉडमध्ये काय चालते आणि काय चालत नाही, याचे आपले नियम सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध करावेत. आज ते नियम आम्हाला गेम कंपन्यांच्या निवेदनांतून आणि नाकारल्या गेलेल्या फाइलींवरून अंदाजाने ओळखावे लागतात, त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी ते इथे पोहोचू शकेल की नाही, हे कोणत्याही मॉडकाराला ठरवता येत नाही.

या दोन्ही मागण्यांपैकी दुसरी मान्य करण्यासाठी आपल्याला एकही ओळ प्रोग्राम लिहावा लागणार नाही. म्हणून निदान तिचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक खेळाडू आणि हौशी मॉडकार
पुणे